विनतेचा हात

गिनी कोंबडीचं अंडं साध्या कोंबडीच्या अंड्यापेक्षा लहान, एका टोकाला चांगलंच निमुळतं आणि हाताला टणक लागतं. वजन साधारण ४० ग्रॅम, रंग फिकट तपकिरी, त्यावर बारीक ठिपके. ऑम्लेटसाठी वाटीच्या काठावर आपटलं तर पहिल्या फटक्यात फुटेलच असं नाही. हेच कवच एक दिवस आतून फोडायचं असतं, आणि आत असणाऱ्याकडे ना वाटी असते ना चमचा. चोचीच्या टोकावर त्या कामापुरता उगवलेला एक टोकदार कण आणि मानेचा एक स्नायू, एवढंच त्याचं सामान. बाकी वेळ. तो किती द्यायचा आणि कुणी द्यायचा, हा या लेखाचा विषय आहे.

पक्षी मूळचा आफ्रिकेचा. शास्त्रीय नाव न्यूमिडा मेलिअ‍ॅग्रिस. भाऊ मेलिएजर मेल्यावर रडून रडून पक्षी झालेल्या बहिणींची ग्रीक कथा त्या नावामागे आहे. करड्या पिसांवरचे पांढरे ठिपके म्हणजे त्यांची आसवं. आपल्याकडे बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिथे तयार झालेल्या वाणांची नावं कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी. उत्तर प्रदेशातल्या एखाद्या पक्षीपालकानं ‘यंदा दोनशे कादंबऱ्या उबवल्या’ असं सहज सांगितलं, तर मराठी लेखकाला दोन दिवस झोप लागायची नाही.

गिनी कोंबडी आई म्हणून फारशी नावाजलेली नाही. ती गवतात लपवून अंडी घालते. कधी दोन-चार माद्या एकाच जागी घालतात. बसली तर नेटानं बसते, पण पिल्लं निघाल्यावर त्यांना पहाटेच्या दवात, ओल्या गवतातून हिंडवते. भिजलेलं पिल्लू गारठतं आणि मागे राहतं. आफ्रिकेच्या कोरड्या माळरानावर हा दोष दिसलाही नसता. आपल्याकडे ती अंडी घालते उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, म्हणजे बरीचशी पिल्लं निघायची ती ऐन पावसात. म्हणून पाळणारे तिची अंडी उचलतात आणि एखाद्या खुडूक कोंबडीखाली रवण बसवतात. खुडूक कोंबडी मिळाली नाही, आणि शहरात ती मिळत नाहीच, तर थर्माकोलचा डबा, एक बल्ब, तापमान राखणारं यंत्र, छोटा पंखा आणि पाण्याची वाटी. बाजारात तयार यंत्रंही मिळतात. आतलं तत्त्व एकच आहे.

कोंबडीखाली अंडी ठेवणारा माणूस निम्मा मोकळा असतो. ऊब तिची, अंडी फिरवणं तिचं, कुठलं अंडं बाहेर ढकलायचं तेही तीच ठरवते. चार पिल्लं कमी निघाली तर ‘यंदा रवण वाया गेली’ म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. डब्यात अंडी ठेवल्यावर हे वाक्य उच्चारता येतं, पण त्याचा अर्थ बदललेला असतो. आता वाया घालवणारं कुणीतरी आहे आणि त्याचा हात बटणावर आहे.

या बटणाविषयी थोडं थांबून विचार करावासा वाटतो. गांधीजींनी १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी म्हटलं आहे की नराशिवाय घातलेल्या अंड्यातून पिल्लू कधीच होत नाही, तेव्हा जो दूध घेतो त्याला असं अंडं खायला हरकत नसावी. त्यांनी रेघ ओढली ती फलित आणि अफलित यांच्यामध्ये. रेघ स्पष्ट आहे, तर्कही स्वच्छ आहे. पण घरी अंडी उबवणाऱ्याला त्या रेघेच्या पुढे आणखी एक रेघ सापडते. फलित अंडं थंड जागी, म्हणजे पंधरा ते अठरा अंशांच्या आसपास ठेवलं, तर आतली वाढ थांबून राहते. मरत नाही आणि पुढेही जात नाही. आठवडाभर, फार तर दहा दिवस ते असं तिष्ठत राहू शकतं. म्हणूनच रोजचं एकेक अंडं साठवून सगळी एका दिवशी उबेला ठेवता येतात आणि पिल्लंही एकदम निघतात. या आठवड्यात त्या अंड्याचं काय करायचं ते पूर्ण मोकळं असतं. भाजी करा, शेजारी द्या, उबवा. मला त्यात कुठलंही पाप दिसत नाही. ज्याचं काही बिघडेल असं आत अजून कुणी नाही. शक्यता आहे, आणि शक्यतांचं ऋण मानायला लागलं तर माणसाला जगातल्या प्रत्येक न पेरलेल्या बीची माफी मागत बसावं लागेल.

बटण दाबलं की हे बदलतं. साडेसदतीस अंशांची ऊब लागली की थांबलेलं काम सुरू होतं आणि मग त्याला पुन्हा थांबवून ठेवता येत नाही. एक चमत्कारिक वचन आहे हे. ज्याला ते द्यायचं तो, वचन पाळायला सुरुवात झाल्यावरच तयार होऊ लागतो. त्यानं काही मागितलेलं नसतं. आईचं आणि मुलाचंही असंच असतं असं कुणी म्हणेल, पण आईला तिचं शरीर बांधून घालतं. आपल्याला बांधतं ते फक्त आपण सुरुवात केली हे.

आणि हे बांधलेपण लगेच किरकोळ, कंटाळवाण्या कामांत उतरतं. अंडी दिवसातून विषम वेळा फिरवायची, तीन किंवा पाच, म्हणजे रात्रीचा लांब पल्ला रोज एकाच कुशीवर जात नाही. न फिरवलेलं अंडं आतल्या आत कवचाला चिकटतं. पाण्याची वाटी रिकामी होऊ द्यायची नाही. उन्हाळ्यात वीज गेली तर काय करायचं ते आधी ठरवून ठेवायचं. दोन-तीन तासांचा गारवा अंडी बहुधा सोसतात, कारण खुडूक कोंबडीही दाण्यापाण्याला उठतेच. उष्णता मात्र सोसत नाहीत. तापमान चाळिशीच्या वर गेलं तर थोड्या वेळात खेळ संपतो. इजिप्तमधले जुने उबवणारे मातीच्या भट्ट्यांमध्ये हजारो अंडी उबवत आणि थर्मामीटरवाचून अंडं पापणीला लावून उष्णता ओळखत. पापणी हा शरीराचा फार हळवा भाग. ही रीत वाचली तेव्हा मला त्यातलं कौशल्य भावलं, त्याहून जास्त ती जागा भावली. दुसऱ्याला किती चटका बसतो आहे हे कळायला डोळ्याजवळच धरावं लागतं.

कोंबडीकडे नसलेली एक गोष्ट माणसाकडे असते: आत डोकावण्याची सोय. अ‍ॅरिस्टॉटलनं कोंबडीची अंडी ठरावीक दिवसांनी फोडून पाहिली आणि तीन दिवसांच्या अंड्यात रक्ताच्या ठिपक्याएवढं हृदय हलताना दिसतं असं लिहून ठेवलं. ते पाहण्यासाठी प्रत्येक वेळी एक अंडं खर्ची पडत होतं. आपल्याला टॉर्च पुरतो. अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद टोकाला उजेड लावला की आठव्या-दहाव्या दिवशी, गिनीच्या जाड कवचातूनही, लाल शिरांचं जाळं आणि मधला काळा ठिपका दिसतो. काही अंडी स्वच्छ पिवळी दिसतात. ती फलित नव्हतीच. काहींमध्ये नुसतं रक्ताचं कडं दिसतं; काम सुरू होऊन थांबलेलं. ही काढून टाकावी लागतात, नाहीतर कुजून फुटतात आणि बाकीच्यांचा घात करतात.

पण काही अंड्यांचं सांगता येत नाही. जाळं आहे, ठिपका हलल्यासारखा वाटतो, डोळ्यांचा भास असू शकतो. इथे काढायचं की ठेवायचं? माझं मत स्पष्ट आहे: शंका असेल तर परत ठेवावं आणि चार दिवसांनी पुन्हा बघावं. चुकून ठेवलेल्या अंड्यापायी थोडा वास सोसावा लागेल, पण चुकून काढलेलं परत आणता येत नाही. दोन चुकांची किंमत सारखी नसताना शंकेचा फायदा कुणाला द्यायचा हे न्यायालयांनी कधीच ठरवलेलं आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते विसरायचं कारण नाही.

आता त्या शेवटच्या तीन दिवसांकडे यावं. कोंबडीची पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात. गिनीला सव्वीस ते अठ्ठावीस दिवस लागतात. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास अंडी फिरवणं बंद करतात, डब्यातला ओलावा वाढवतात आणि झाकण उघडत नाहीत. पहिल्या अंड्याला तडा जातो. आतून बारीक चिवचिव ऐकू येते. आणि मग बारा-बारा, कधी त्याहूनही जास्त तास काहीच होत नाही.

या तासांसाठी आपल्याकडे एक गोष्ट आहे. महाभारताच्या आदिपर्वात कश्यपाच्या दोन बायका, कद्रू आणि विनता. कद्रूनं हजार नागपुत्र मागितले. विनतेनं दोनच, पण कद्रूच्या हजारांहून सरस. अंडी झाली आणि दासींनी ती उबदार, दमट भांड्यांमध्ये पाचशे वर्षं ठेवली. डबा, ऊब, ओलावा, सगळं आहे. माणसानं उबवणीचं यंत्र कल्पनेत फार पूर्वी बांधलेलं होतं. पाचशे वर्षांनी कद्रूची अंडी फुटली, अंगण मुलांनी भरलं. विनतेची दोन अंडी तशीच. ती शरमली आणि तिनं एक अंडं फोडलं. आत अरुण होता, कमरेच्या वर पूर्ण, खाली अर्धवट. त्यानं आईला शाप दिला: जिच्याशी स्पर्धा करत होतीस तिचीच पाचशे वर्षं दासी होशील. आणि लगेच उपायही सांगितला: दुसरं अंडं असं फोडू नकोस, आणखी पाचशे वर्षं धीर धर, त्यातून निघणारा तुला सोडवील. तो गरुड.

ही गोष्ट ‘घाई करू नये’ या तात्पर्यावर संपवली जाते. मला ते तात्पर्य अपुरं वाटतं. कद्रूची अंडी फुटली नसती तर विनतेनं हात लावला असता का? तिचा हात अरुणासाठी गेला नव्हता, शेजारच्या अंगणातल्या गलक्यामुळे गेला होता. अरुणाच्या शापाचे शब्द पाहिले तर तोही तेच सांगतो. तो घाईबद्दल बोलतो त्याआधी स्पर्धेबद्दल बोलतो. अंडं फोडलं याहून, ते कुणाच्या घड्याळावर फोडलं हा त्याचा आक्षेप आहे.

त्या स्तब्ध तासांत कवचामागे काय चालतं ते आता चांगलं माहीत आहे. पिल्लू आधी अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या कप्प्यात चोच खुपसतं आणि पहिल्यांदा फुप्फुसानं श्वास घेतं. मग कवचाला तडा पाडतं. तोवर त्याचं श्वसन ज्या पापुद्र्यावरच्या रक्तवाहिन्यांतून चाललेलं असतं, त्यातलं रक्त हळूहळू अंगात ओढलं जातं. उरलेला बलकही बेंबीतून पोटात घेतला जातो. त्या शिदोरीवर ते बाहेर आल्यावर दोन दिवस दाण्यावाचून राहू शकतं. बाहेरून जी विश्रांती दिसते ती या बांधाबांधीची वेळ असते. याच वेळी कुणी मायेनं टरफल सोललं तर पापुद्रा रक्तबंबाळ होतो, बलक बाहेर लोंबतो आणि पिल्लू हातात मरतं. अरुणाची कमर, अगदी शब्दशः.

म्हणून जाणती माणसं सांगतात: हात लावू नका, निसर्गावर सोडा. पहिला अर्धा सल्ला बहुतेक वेळा बरोबर आहे. दुसरा मला मान्य नाही, कारण त्या डब्यात निसर्ग कुठे आहे? तापमान आपलं, ओलावा आपला, पंखा आपला. झाकण नको तेव्हा उघडलं किंवा वाटीतलं पाणी आटलं, की तड्याभोवतीचा पापुद्रा सुकतो, चामड्यासारखा होतो आणि पिल्लाला आवळून टाकतो. ते चोच मारू शकतं, पण फिरू शकत नाही. हे पिल्लू अशक्त नाही. ते एका कोरड्या डब्यात सापडलं आहे, आणि त्याच्या मरणाला ‘निवड’ म्हणणं म्हणजे आपल्या वाटीतलं पाणी डार्विनच्या नावावर मांडणं. ‘मी काही केलं नाही’ हे वाक्य खुडूक कोंबडीच्या मालकाला शोभतं. सव्वीस दिवस सगळं केलेल्याला सत्ताविसाव्या दिवशी ते म्हणता येत नाही.

मग करायचं काय? इथे मला उबवणाऱ्यांची एक साधी रीत नीतीच्या पुष्कळ पुस्तकांपेक्षा शहाणी वाटते. तडा जाऊन एक दिवस उलटला, पुढे काहीच हालचाल नाही, आणि पापुद्रा पिवळट-तपकिरी, कोरडा दिसतो आहे, तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं तड्याजवळचा पापुद्रा ओला करतात. ओला झाला की तो किंचित पारदर्शक होतो. आत लाल रेषा दिसल्या तर तिथेच थांबायचं, अंडं परत ठेवायचं. आतली आवराआवर अजून उरकलेली नाही. रेषा नसतील तर तड्यापासून कवचाचा एक-दोन नखांएवढा तुकडा काढायचा आणि पुन्हा थांबायचं. पुन्हा बघायचं. कुठेही रक्ताचा ठिपका आला की हात मागे. शेवटचा जोर पिल्लानंच लावायचा.

या रीतीत मदत करणं आणि न करणं अशा दोन तत्त्वांची लढाई नाही. ‘मला बघवेना’ म्हणून सोलणारा आणि ‘निसर्गाचा नियम’ म्हणून पाठ फिरवणारा, दोघेही स्वतःच्या मनाला विचारून ठरवतात. पापुद्रा ओला करून बघणारा समोरच्या जीवाला विचारतो. उत्तर त्या लाल रेषांमध्ये असतं, आणि ते दर तासाला बदलतं. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या, किंवा मोठ्या होत चाललेल्या मुलांच्या घरात वावरणाऱ्या माणसाला हे परकं वाटू नये. तिथे फक्त पापुद्रा ओला करायची सोय नसते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला वाण राखणाऱ्यांचा: मदत करून काढलेली पिल्लं पुढे अंड्यावर घातली तर थवा दुबळा होत जाईल. ज्याच्याकडे शेकडो पक्षी आहेत आणि पिढ्यांचा हिशेब आहे, त्याला हा विचार करावाच लागतो, आणि त्यानं तो प्रामाणिकपणे केला तर मी त्याच्याशी भांडणार नाही. पण गच्चीवर बारा अंडी उबवणारा कुठला वाण राखतो आहे? त्यानं हा युक्तिवाद उसना घेणं म्हणजे रात्री न उठण्याची सबब शोधणं. आणि फार वाटलंच तर तेवढं एक पिल्लू पुढे अंड्यावर घेऊ नये. जगू द्यायला कुणाची ना नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. तीन-चार महिन्यांनी ज्याचा रस्सा व्हायचा, त्याच्यासाठी रात्रभर कापूस घेऊन बसणं हा ढोंगीपणा नाही का? मी यावर बराच विचार केला आहे आणि मला तसं वाटत नाही. जत्रेसाठी बोकड पाळणारी बाईसुद्धा त्याच्या जन्माच्या रात्री गोठ्यात कंदील घेऊन बसते, नाकातोंडातला चिकटा बोटानं काढते. तिला कुणी ढोंगी म्हणत नाही. त्या बोकडाचा शेवट काय असावा हा एक स्वतंत्र प्रश्न आहे आणि माझ्या ओळखीचे काही लोक तो विचारून मांसाहारातून कायमचे बाहेर पडले. पण शेवट ठरलेला आहे म्हणून सुरुवातीला हयगय चालते, हे मान्य केलं तर माणसांच्या बाबतीतही काही उरणार नाही. शेवट सगळ्यांचाच ठरलेला आहे. उलट गिनीच्या पिल्लाला एक सवलत जन्मतःच मिळते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या उबवणी केंद्रांत नर पिल्लं पहिल्याच दिवशी निवडून मारली जातात. जर्मनीनं २०२२ पासून त्यावर बंदी घातली, बाकी जगात बहुतेक ठिकाणी ते चालू आहे. गिनीचे नर-मादी पहिल्या दिवशी ओळखणं अवघड. दोनेक महिन्यांनी मादी दोन तुकड्यांत ओरडू लागते तेव्हा कळतं. न कळण्यामुळे वाचलेला जीव हा एरवी दुर्मीळ प्रकार.

ते ओरडणं मात्र हलक्यात घेऊ नये. गिनी कोंबडी मांजर दिसलं, अनोळखी माणूस दिसला, पान पडलं तरी ओरडते, आणि एक ओरडली की सगळ्या ओरडतात. अपार्टमेंटच्या गच्चीवर अंडी उबवणाऱ्यानं शेजाऱ्यांच्या कानांचाही विचार आधीच करायला हवा.

पिल्लू बाहेर आल्यावर बरीच माणसं सुटकेचा श्वास टाकतात. खरी यादी तिथून सुरू होते. पहिला आठवडा पस्तीस अंशांची ऊब, मग दर आठवड्याला थोडी कमी. पाण्याच्या ताटलीत खडे, नाहीतर त्यात बुडून मरतात, इतकी ती लहान असतात. खाली वर्तमानपत्र नको, गोणपाट हवं. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि पहिल्या दोन दिवसांत आवरले नाहीत तर तसेच राहतात. फाकलेले पाय मऊ चिकटपट्टीनं सैल बांधून ठेवले तर बहुधा सुधारतात.

आणि बारा अंड्यांतून एकच निघालं तर? हे घडतं. गिनी हा थव्यानं जगणारा पक्षी आहे. एकटं पिल्लू उबेत असूनही, पोट भरलेलं असूनही सतत ओरडत राहतं. कोनराड लोरेंझच्या हंसांसारखं तेही माणसामागे चालू लागेल, आणि घरच्यांना ते गोड वाटेल. काही जण त्याच्यापुढे आरसा ठेवतात. आरशानं आवाज थोडा कमी होतो, पण आरशातलं पिल्लू रात्री अंगाला चिकटून झोपत नाही. त्याच वयाची दोन-चार पिल्लं आणावीत, साध्या कोंबडीची असली तरी चालतील, नाहीतर ज्याच्याकडे थवा आहे त्याला ते देऊन टाकावं. सत्तावीस दिवस जपलेलं पिल्लू अठ्ठाविसाव्या दिवशी दुसऱ्याच्या हवाली करणं जड जातं, पण ते जडपण पिल्लाचं नसतं. अशा माणसाचा फोन नंबर अंडी डब्यात ठेवण्याआधीच घेऊन ठेवलेला बरा. पिल्लू ओरडायला लागल्यावर, रात्री दीड वाजता, तो शोधत बसायला वेळ नसतो.